समपातळीची रेषा आणि ती आखणारे हात

उतारावरच्या वावरात उभं राहिलं की बांध दिसतो, ओघळ दिसते, बांधावरची बाभूळ दिसते. समपातळी रेषा मात्र दिसत नाही. एकाच उंचीवरचे बिंदू शोधून जोडत गेलं तरच ती सापडते, आणि ती जवळपास कधीच सरळ नसते. उताराच्या पोटात शिरते, टेपाडाला वळसा घालते. बांध किंवा चर या रेषेवर बसला तर पावसाचं पाणी त्याच्यामागे सारखं पसरतं, थांबतं, मुरतं. रेषा एका टोकाला वीतभर खाली गेली, तर सगळं पाणी त्या टोकाकडे धावतं आणि तिथेच बांध फोडतं. आधी जे पाणी पसरून वाहत होतं, ते आता एकाच घळीतून माती घेऊन निघतं. चुकलेला बांध हा बांध नसण्यापेक्षा वाईट असतो तो यामुळे.

मृद आणि जलसंधारणात खोदकामाइतकंच शिकण्याला महत्त्व आहे, तेही याचसाठी. कुदळ कुणालाही चालवता येते, रेषा शिकावी लागते. महाराष्ट्रात ही रेषा आखायला कुणाला शिकवलं गेलं आणि कुणाच्या हातात फक्त कुदळ दिली गेली, याचा हिशोब मांडला तर गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो.

वर्ग पुण्यात, शेत गावात

१८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, तो सरकारी बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी घडवायला. त्याचंच पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झालं. शेतीचे वर्ग १८७९मध्ये सुरू झाले तेही याच कॉलेजात. स्वतंत्र कृषी महाविद्यालयासाठी १९०७ उजाडावं लागलं. म्हणजे या प्रांतात शेतीचं आधुनिक शिक्षण जन्मलं ते इंजिनिअरिंगच्या ओसरीवर, आणि ते घेणारा विद्यार्थी पुढे सरकारी नोकर होणार हे जवळजवळ ठरलेलं होतं.

याच काळात, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं. त्यातल्या शेवटच्या भागातल्या सूचना आज वाचल्या की थबकायला होतं. लष्कर आणि पोलीस खात्यातल्या जादा शिपायांकडून जागोजाग तालींसारखे बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचं पाणी आधी शेतांत मुरेल आणि मग ओढ्या-नद्यांना मिळेल, असं ते सुचवतात. आज ज्याला आपण पाणलोट विकास म्हणतो त्याचा गाभा इथे आहे. त्याच पुस्तकात शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाचाही आग्रह आहे. शाळेतल्या इयत्तेबरोबर नांगर आणि पाभर हाकण्याचीही परीक्षा व्हावी, आणि ती देणाऱ्याला गावात मान मिळावा, असा तो विचार आहे. फुल्यांना पाणी अडवणं आणि शेतकरी शहाणा होणं ही दोन वेगळी कामं वाटत नव्हती. पुढच्या शंभर वर्षांत सरकारने पहिलं काम मोठ्या प्रमाणावर केलं, दुसरं बाजूला ठेवलं.

फुल्यांनी ‘ताल’ हा शब्द वापरला, तोही महत्त्वाचा आहे. ताली टाकणं ही शेतकऱ्यांची जुनी विद्या होती. ओघळीच्या तोंडाशी दगड रचायचे, वरून वाहून आलेली माती त्यांच्यामागे साचू द्यायची, दरवर्षी थर चढवत न्यायचे, आणि काही वर्षांत जिथे खडक होता तिथे पेरण्याजोगं वावर तयार करायचं. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम अशा नद्यांवरच्या फड पद्धतीत तर बंधारे, पाट, पाळ्या आणि पाटकरी अशी सगळी व्यवस्था गावकरी सांभाळत होते. ही विद्या कुठल्या वर्गात शिकवली जात नव्हती. ती बापाकडून मुलाकडे जात होती, आणि तिला परीक्षा होती ती पुढच्या पावसाची.

मांजरी, सोलापूर, विजापूर

कोरडवाहू शेतीवर पद्धतशीर संशोधन आपल्याकडे सुरू झालं ते १९२३मध्ये, पुण्याजवळ मांजरीला, व्ही. ए. ताम्हणे यांच्या पुढाकाराने. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेती आयोगाचा अहवाल १९२८मध्ये आला, पाठोपाठ शेती संशोधनाची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली, आणि १९३३च्या सुमारास सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक अशा पाच ठिकाणी कोरडवाहू संशोधन केंद्रं उभी राहिली. सोलापूर-विजापूरच्या कामातून जी शिफारस तयार झाली ती ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखली जाते. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, कमी बियाणं आणि दोन ओळींत जास्त अंतर, वारंवार कोळपणी, असं तिचं स्वरूप होतं. एन. व्ही. कानिटकर यांनी या सगळ्या कामावर लिहिलेला ‘भारतातील कोरडवाहू शेती’ या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ १९४४मध्ये प्रसिद्ध झाला.

तोवर जगातही या विषयाचं वारं फिरलं होतं. अमेरिकेतल्या मैदानी राज्यांत १९३०च्या दशकात धुळीची वादळं उठली, नांगरलेल्या जमिनीचा वरचा थर आकाशात गेला, आणि १९३५मध्ये तिथे मृदसंधारणाचा कायदा झाला. ह्यू हॅमंड बेनेट हे त्या चळवळीचं नाव. तिकडे तयार झालेली सूत्रं पुढे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत आली. दोन बांधांमध्ये किती अंतर ठेवायचं हे सांगणारं रॅमसरचं सूत्र त्यातलंच. उताराच्या टक्केवारीला तीनने भागा, त्यात दोन मिळवा, आलेल्या आकड्याला ०.३ने गुणा, उत्तर म्हणजे दोन बांधांमधला उंचीचा फरक, मीटरमध्ये. उतार ३ टक्के असेल तर फरक येतो ०.९ मीटर, म्हणजे जमिनीवर मोजलं तर साधारण दर ३० मीटरला एक बांध. हे सूत्र डोक्यात बसायला पाच मिनिटं पुरतात. पण ते वावरात उतरवायला डम्पी लेव्हल, स्टाफ आणि ती वाचता येणारा माणूस लागतो.

हे ज्ञान मोठ्या प्रमाणावर जमिनीवर उतरलं ते दुष्काळामुळे. १९४२-४३मध्ये विजापूर भागात भीषण दुष्काळ पडला. दुष्काळी कामं म्हटलं की तोवर खडी फोडणं आणि रस्ते. यावेळी मजुरांना समपातळी बांधांच्या कामावरही लावलं गेलं. मुंबई प्रांताचा जमीन सुधारणा योजना कायदा १९४२चाच. एकेका शेतकऱ्याच्या मर्जीवर न थांबता अनेकांच्या जमिनी मिळून एकच योजना आखायची आणि खर्चाचा वाटा जमीनमालकांकडून वसूल करायचा, अशी त्याची रचना होती. पाण्याला सातबारा कळत नाही, हे या कायद्याने मान्य केलं. पण सातबारा माणसाला कळतो, हे त्याच्या अंमलबजावणीत राहून गेलं.

नांगरून टाकलेले बांध

स्वातंत्र्यानंतर केंद्रीय मृदसंधारण मंडळ आलं. १९५४पासून डेहराडून, कोटा, बेल्लारी, उटी, वासद अशा ठिकाणी संशोधन, प्रात्यक्षिक आणि प्रशिक्षण अशी तिहेरी जबाबदारी असलेली केंद्रं निघाली. १९७४मध्ये ती डेहराडूनच्या एका संस्थेखाली आली. देशभरातले अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे सहायक इथे काही महिने राहून शिकत. महाराष्ट्रातल्या मृदसंधारण खात्याचा कणाही अशाच प्रशिक्षित माणसांचा होता. हे काम खरोखर मोठं होतं, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. उन्हातान्हात लेव्हल खांद्यावर घेऊन डोंगर पालथे घालणारी ती पिढी होती.

तरीही एक गोष्ट गावोगाव घडली. बांध घातले गेले आणि काही वर्षांत नाहीसे झाले. काही फुटले, बरेचसे शेतकऱ्यांनीच नांगरून टाकले.

याचं सरकारी स्पष्टीकरण सोपं होतं: शेतकरी अडाणी आहे, त्याला महत्त्व कळत नाही. जॉन केर आणि एन. के. संघी यांनी १९९०च्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या बाजूने हा प्रश्न तपासला तेव्हा वेगळं चित्र दिसलं. समपातळी बांध वावराच्या हद्दी न जुमानता तिरका जातो. एका वावराचे बेढब कोपरे पडतात, औत वळवताना बैलांची ओढाताण होते, बांधाखाली जमीन अडकते, आणि एकाच्या वावरातलं पाणी दुसऱ्याच्या वावरात साचतं. शेतकऱ्याला माती अडवायची होतीच. पण त्याला बांध हवा होता हद्दीवर, जिथे त्याची मालकी स्पष्ट होती आणि दुरुस्ती त्याच्या सोयीची होती. त्याची स्वतःची तंत्रं होती, ती हळूहळू वाढवत नेण्याची होती, आणि त्यांच्याबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात ही गोष्ट फार लवकर शिकायला मिळते. जी व्यवस्था ज्याने समजून घेतलेली नाही, ती त्याच्या गळ्यात देखभालीसाठी मारली, की पहिल्याच अडचणीला तो तिला वळसा घालतो. दोष त्याच्या बुद्धीत नसतो. ती व्यवस्था त्याच्या रोजच्या कामाच्या आड येते आणि ती तशी का आहे हे सांगणारा माणूस केव्हाच बदली होऊन गेलेला असतो. बांधाच्या बाबतीत लेव्हल वाचणारा माणूस आखणी करून पुढच्या गावाला जात होता. मागे राहत होती ती चुन्याची फक्की आणि तिचा अर्थ न सांगितलेला शेतकरी.

चौकड्या मोजणारी माणसं

१९७२चा दुष्काळ हा या कथेचा सर्वांत मोठा अध्याय. वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगावात करून पाहिलेला रोजगार हमीचा प्रयोग १९७२मध्ये राज्यभराची योजना झाला आणि १९७७मध्ये त्याचा कायदा झाला. मे १९७३मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नाला बांध, बांधबंदिस्ती, रस्ते, खडी. मृद-जलसंधारणाच्या कामावर एवढे हात क्वचितच कुठे एकत्र आले असतील.

माझी आजी त्या हातांपैकी एक. तिला त्या कामातलं काय आठवतं हे मी अनेकदा विचारलंय. तिला मुकादम आठवतो, मस्टर आठवतं, सुकडीची चव आठवते, मिलोच्या लाल भाकरीची आठवते. खोदलेल्या चौकडीची लांबी-रुंदी-खोली कशी मोजायचे आणि मोजताना कसं मारायचे, हे ती आजही हाताने दाखवते. पण तो बांध तिथेच का घातला, तेवढ्याच उंचीचा का, त्याला सांडवा एका बाजूलाच का ठेवला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ‘सायब फक्की मारायचा, आमी खांदायचो,’ एवढंच तिचं उत्तर.

त्या कामांनी माणसं जगवली, आणि ते मोजायला दुसरं कुठलंच माप पुरं पडणार नाही. पण लाखो माणसं महिनोन्‌महिने पाणलोटाच्या कामावर राबली आणि पाणलोट म्हणजे काय हे न शिकता घरी गेली, हेही खरं. त्यांच्यात बायांची संख्या मोठी होती. आपल्याच शिवारातल्या पाण्याची वाट त्यांना पायाखालची होती. रोज अर्धा तास जरी कुणी लेव्हलच्या भिंगातून त्यांना बघू दिलं असतं, तर महाराष्ट्राच्या गावोगाव आज वेगळी माणसं असती.

नायगाव आणि नवरा-बायकोचा नकाशा

त्याच दुष्काळात पुण्यातले एक इंजिनिअर-उद्योजक, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात फिरले. १९७४मध्ये त्यांनी नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर उताराची जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. वर समपातळी बांध, खाली तलाव, त्याच्या खाली विहीर, आणि विहिरीचं पाणी परत वर. या जमिनीवर ते स्वतः राहिले, आणि बघायला येणाऱ्याला बांधावरून फिरवत राहिले. शिकवण्याची जागा वर्गातून वावरात आली ती इथे.

राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५पासून, आडगावात विजयअण्णा बोराडे, हिवरे बाजारात पोपटराव पवार १९८९पासून, या सगळ्यांनी आपापल्या पद्धतीने हेच केलं. ही गावं पाहता पाहता शिबिराची ठिकाणं झाली. एसटीने किंवा जीप करून दुसऱ्या गावचे लोक यायचे, त्यांच्यासारख्याच धोतर-टोपीतल्या माणसाकडून ऐकायचे, आणि ऐकलेलं खरं आहे का ते विहिरीत डोकावून बघायचे. कुठल्याही भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा हे पटण्यासारखं होतं.

प्रशिक्षणाला योजनेच्या मध्यभागी आणलं ते इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाने. फादर हर्मन बाकर हे स्विस जेझुइट अहमदनगर भागात कित्येक वर्षं काम करत होते. त्यांच्या अनुभवातून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा कार्यक्रम उभा राहिला. १९९३मध्ये त्याच्या प्रशिक्षणाची बाजू सांभाळायला ‘वॉटर’ ही संस्था निघाली. इथे नियम उलटा होता. गावाला आधी मोठा निधी मिळत नसे. आधी श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. मग पाणलोटाच्या छोट्या तुकड्यावर वर्ष-दीड वर्ष शिकण्याचं काम. ते जमलं तर उरलेला प्रकल्प.

आणि गट नंबरनिहाय नियोजन. आराखडा करताना तंत्रज्ञाने प्रत्येक वावरात जायचं, आणि तिथे शेतकरी नवरा-बायको दोघांनी हजर राहायचं. कुठे बांध, कुठे फळझाडं, कुठे गवत, हे त्यांच्याशी बोलून ठरवायचं. ऐकायला ही किरकोळ बाब वाटते. पण १९४२च्या कायद्याने जो प्रश्न सोडवला नव्हता, रेषा पाण्याची आणि हद्द माणसाची यांची सांगड कशी घालायची, त्याचं उत्तर इथे मिळालं. सांगड वावरातच घालावी लागते, ज्याचं वावर आहे त्याच्यासमोर.

दोन पट्ट्या आणि एक नळी

आता पुन्हा त्या न दिसणाऱ्या रेषेकडे. डम्पी लेव्हल महाग, नाजूक, आणि वाचायला सवय लागते. तिच्याऐवजी दोन साधी साधनं गावात पोचली. एक ए-फ्रेम: तीन काठ्यांचा ‘ए’, मधोमध गवंड्याच्या ओळंब्यासारखा टांगलेला दगड. दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. दुसरं हायड्रोमार्कर: मोजपट्टी लावलेल्या दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी पाणी भरलेली पारदर्शक नळी. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येतं, कारण ते पाणी आहे. दोन्ही पट्ट्यांवर आकडा सारखा आला की दोन्ही बिंदू समपातळीत. नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढी एकच काळजी.

उपग्रहाच्या उंचीच्या नकाशांवर मी थोडंफार काम केलंय. फुकट मिळणाऱ्या नकाशात एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो आणि उंचीतली चूक काही मीटरची असू शकते. पाणलोटाची हद्द ठरवायला तो उत्तम आहे. पण वीतभराने चुकणारा बांध त्याच्यावरून आखता येत नाही. तिथे आजही त्या नळीला तोड नाही.

२०१६मध्ये पानी फाउंडेशनने वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा घेतली, तेव्हा ११६ गावं उतरली आणि कोरेगावचं वेळू पहिलं आलं. पुढच्या तीन वर्षांत तालुके झाले ३०, ७५ आणि ७६. बातम्यांत आलं ते श्रमदान आणि नट. पण स्पर्धेचं प्रवेशद्वार होतं निवडक गावकऱ्यांचं, बायांसकट, चार दिवसांचं निवासी प्रशिक्षण. माथा ते पायथा हा क्रम, सलग समतल चर, अनगड दगडी बांध, आणि हायड्रोमार्कर धरून प्रत्यक्ष आखणी. आजीच्या पिढीला न मिळालेली गोष्ट चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी हजारो गावांत पोचली. फक्की मारणारा हात आता गावचा होता.

रेषेनंतर वाटा

गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल, पण ती इथे संपत नाही. याच काळात जलयुक्त शिवार योजना चालू होती. जेसीबी आणि पोकलेनने नाले खोल करण्याचा सपाटा एवढा वाढला, की अर्थतज्ज्ञ ह. म. देसरडा यांना त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जावं लागलं. २०२०मध्ये महालेखापालांच्या अहवालाने सांगितलं, की सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढवण्यात या योजनेचा परिणाम फारसा दिसत नाही. माथा सोडून पायथ्याशी खोदलं की काय होतं, हे चार दिवसांचं शिबिर केलेला कुणीही सांगू शकला असता. शिकलेली माणसं गावात होती, निर्णय मात्र पुन्हा टेंडरकडे गेले.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला तर १०,००० लिटर पाणी होतं. ५०० मिलिमीटरचे ५० लाख लिटर. हे अडवायला शिकवता येतं. अडवलेलं पाणी विहिरीत उतरल्यावर ते कुणाचं, हे शिकवणं कठीण. शेजाऱ्याने ऊस लावला आणि २०० फुटांचं बोअर ४०० फुटांवर नेलं, तर पूर्ण गावाचं श्रमदान एका मोटरीत जातं. साळुंख्यांच्या पाणी पंचायतीने याचं उत्तर लवकर काढलं होतं: पाणी जमिनीवर न देता माणशी द्यायचं, दर माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. हिवरे बाजार दरवर्षी पावसाचं माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर पीक ठरवतं. ही दोन्ही उदाहरणं सगळ्यांना पाठ आहेत. त्यांचं अनुकरण केलेली गावं मोजायला मात्र फार वेळ लागत नाही.

आज शिकण्याच्या जागा कमी नाहीत. डेहराडूनची संस्था आहे, औरंगाबादला १९८०मध्ये निघालेली वाल्मी आहे, नागपूरची वनामती आणि विभागोविभागी रामेटी आहेत, कृषी विज्ञान केंद्रं आहेत, संगमनेर तालुक्यात दरेवाडीला ‘वॉटर’चं केंद्र आहे. या प्रत्येक ठिकाणी रेषा कशी आखायची हे नीट शिकवलं जातं. वाटा कसा ठरवायचा याचा तास वेळापत्रकात असतो तेव्हा बहुधा शेवटच्या दिवशी दुपारी असतो, परतीची गाडी पकडायची घाई असताना.

तो तास पहिल्या दिवशी सकाळी आणायला हवा. नळीतलं पाणी दोन्ही बाजूंना एका पातळीला येतं, ते त्याच्या स्वभावाने. गावातलं पाणी तसं आपोआप येत नाही. तिथे दोन्ही काठ्या धरायला समोरासमोर माणसं उभी करावी लागतात, आणि एकाला दुसऱ्याचा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा लागतो.